बारा वर्षांची लांबी

श्रवणबेळगोळला मी आजवर पाच वेळा गेले आहे. पहिल्या चार वेळा निमित्त महामस्तकाभिषेकाचे होते : १९८१, १९९३, २००६ आणि २०१८. पाचवी यात्रा गेल्या कार्तिकातली. चातुर्मास संपला होता, सांगलीकडे ऊसतोडीची गडबड सुरू झाली होती, आणि पंच्याहत्तरी ओलांडलेल्या माझ्या आईने एका संध्याकाळी सहज विचारले, "पुढचा अभिषेक कधी गं?"

"२०३० साली."

तिने बोटांच्या पेरांवर काही मोजले आणि म्हणाली, "मग आत्ताच जाऊन येऊ या."

ते मोजणे मला तेव्हा साधे वाटले. त्याचा अर्थ पुढे विंध्यगिरीच्या पायथ्याशी कळला.

पहाटे निघालो. बेळगाव, हुबळी, दावणगिरी अशी गावे मागे पडत होती. आई मागच्या आसनावर जपमाळ घेऊन बसली होती आणि मी मनाशी एक हिशेब मांडत होते. चार यात्रांपैकी कोणती किती आठवते?

१९८१ साली मी सात वर्षांची होते. मूर्तीच्या प्रतिष्ठापनेला हजार वर्षे पूर्ण झाल्याचा तो सोहळा. गावातल्या चार-पाच कुटुंबांनी मिळून बस ठरवली होती. दशम्या आणि शेंगदाण्याच्या चटणीचे डबे, बसच्या टपावर बांधलेल्या वळकट्या, रात्री एका बस्तीच्या ओवरीत घातलेले अंथरूण, तंबूच्या कापडातून येणारा पिवळा उजेड. पंतप्रधान इंदिरा गांधींनी त्या सोहळ्यात हेलिकॉप्टरमधून पुष्पवृष्टी केली; त्याचा आवाज आणि आज्जीने माझ्या कानांवर दाबून धरलेला तिचा पदर मला अजून आठवतो. आणि सर्वांत ठळक आठवण म्हणजे आज्जीचा हात धरून चढलेला तो डोंगर. पायऱ्या संपतच नव्हत्या. सगळा दिवस आम्ही चढत होतो असे वाटते.

१९९३ साली मी नवी नवरी होते. सासरच्या मंडळींबरोबर गेले. त्या यात्रेची दहा-बारा चित्रे डोळ्यांपुढे येतात. २००६ साली दोन लहान मुले बरोबर होती. त्यांतले निम्मे मुलांच्या खाण्यापिण्याचेच आठवते. आणि सर्वांत अलीकडची, २०१८ ची यात्रा? उंच मचाण, कलशांची रांग, मोबाइलवर टिपलेली छायाचित्रे. ती छायाचित्रे बाजूला ठेवली तर हातात फार थोडे उरते. १९८१ चे चार दिवस माझ्या मनात एका मोठ्या वाड्यासारखे पसरलेले आहेत, तर २००६ पासून २०१८ पर्यंतची बारा वर्षे एखाद्या बोळासारखी अरुंद वाटतात.

हा अनुभव प्रत्येक प्रौढ माणसाचा आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८९० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात याची मीमांसा केली आहे. नवनव्या अनुभवांनी भरलेला काळ जाताना भरभर जातो, पण मागे वळून पाहिले की दीर्घ भासतो. रिकामा काळ जाताना रेंगाळतो आणि आठवताना आखडतो. बालपणी सगळेच नवे असते म्हणून ती वर्षे लांब. पुढे दिवसांसारखे दिवस येऊ लागतात, मनाला वेगळे नोंदवण्याजोगे काही सापडत नाही, म्हणून वर्षे तोकडी. घड्याळ दोघांचे सारखेच असते. लांबी ठरवते ती स्मृती.

सामायिकाला बसणाऱ्या आपल्या वाचकांना हे निराळे सांगायला नको. दोन घटिकांचा, म्हणजे ४८ मिनिटांचा तो मुहूर्त एखाद्या दिवशी क्षणात सरतो, तर एखाद्या दिवशी संपता संपत नाही. आपल्या शास्त्रकारांनी मात्र त्याचे माप नेमके ठेवले आहे : एका मुहूर्तात ३७७३ उच्छ्वास. भागाकार केला तर मिनिटाला ७८ ते ७९ येतात. हा आकडा आपल्या श्वासापेक्षा नाडीच्या ठोक्यांच्या जवळ जातो. मन काहीही म्हणो, देहाचे मोजणे आत चालूच असते.

सूर्यास्तापूर्वी वाटेतच डबा उघडून जेवलो आणि अंधार पडल्यावर बेळगोळला पोहोचलो. उत्सवाचे बेळगोळ पाहिलेल्या माणसाला एरवीचे बेळगोळ ओळखू येत नाही. तंबूंची नगरे नाहीत, ध्वनिक्षेपक नाहीत. दोन टेकड्यांच्या मधोमध वसलेले एक लहानसे शांत गाव, आणि ज्या तळ्यावरून त्याला नाव मिळाले ती कल्याणी. १९८१ पासूनचे चारही अभिषेक ज्यांच्या मार्गदर्शनाखाली झाले ते स्वस्तिश्री चारुकीर्ती भट्टारक महास्वामीजी मार्च २०२३ मध्ये गेले. त्यांच्यावाचूनच्या बेळगोळात मी प्रथमच आले होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे आई म्हणाली, "तू आज वर जाऊन ये. मी उद्या डोलीनं येईन. आज अंग आंबलंय." तिला पायथ्याशी सावलीत बसवून मी एकटीच अनवाणी चढू लागले.

खडकातच कोरलेल्या त्या सहाशेहून अधिक पायऱ्या. सात वर्षांच्या मुलीला दिवसभर पुरलेला तो चढ मी मध्ये दोनदा थांबूनही अर्ध्या तासात संपवला. वाटेतली ओदेगल बस्ती, त्यागद ब्रह्मदेवाचा स्तंभ, एकाच शिळेतून कोरलेला अखंड दरवाजा या साऱ्यांशी माझी ओळख होती, आणि ओळखीची वाट नेहमीच आखूड होते. मग अंगणात पाऊल टाकले, आणि समोर भगवान बाहुबली.

सुमारे ५८ फूट उंचीची ही मूर्ती गंगराजा राचमल्ल याचा मंत्री चामुंडराय याने घडवून घेतली. प्रतिष्ठापनेचे परंपरेने मानलेले वर्ष इ. स. ९८१. मूर्तीच्या पायांपाशी वारुळे आहेत, त्यांतून डोकावणारे सर्प आहेत, आणि मांड्यांवरून दंडांपर्यंत चढत गेलेल्या माधवीच्या वेली आहेत. उत्सवाच्या गर्दीत नजर मस्तकाकडे असते. या वेळी प्रथमच मी निवांत त्या वेलींकडे पाहिले. बाहुबलींनी वर्षभर प्रतिमायोग धारण केला. दगडात वर्ष कसे दाखवायचे? शिल्पकाराने वेल दाखवली. वेल वाढायला जितका काळ लागतो, तितका काळ गेला. चेहऱ्यावर मात्र त्या काळाची एकही रेघ नाही.

आचार्य जिनसेनांच्या आदिपुराणात या वर्षाविषयी एक मार्मिक गोष्ट आहे. इतके घोर तप करूनही बाहुबलींना केवलज्ञान होत नव्हते, कारण अंतःकरणात एक सूक्ष्म सल उरला होता : भरताला माझ्यामुळे क्लेश झाला. भरत चक्रवर्ती स्वतः आला, त्याने पूजा केली, आणि तो सल विरला. राज्य सोडले, देहाचे भान सुटले, पण एक आठवण सुटायला वर्ष लागले. आठवण काळ लांबवते, हे याहून स्पष्ट कुठे सापडेल?

पायथ्याशी कोरलेली मराठी अक्षरे मी दर वेळी पाहते. मराठी यात्रेकरू ती पाहिल्याशिवाय परतत नाही. मूर्ती चामुंडरायाने करविली, असे एक ओळ सांगते. भोवतीचे सुत्तालय गंगराजाने करविले, असे दुसरी. पहिली ओळ नेमकी केव्हा कोरली गेली, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. पण ज्या दोन कामांची त्या नोंद करतात, त्यांच्यामध्ये सव्वाशेहून अधिक वर्षे आहेत; हा गंगराज होयसळ विष्णुवर्धनाचा सेनापती, बाराव्या शतकाच्या आरंभीचा. त्या दोन्ही ओळी आपण एका दमात वाचतो. तेवढ्या वर्षांत किती पाथरवट, किती हमाल, त्यांना भाकरी पोहोचवणाऱ्या किती बायका येऊन गेल्या असतील. 'करवियलें' या शब्दात करविणारा उरतो. करणारे उरत नाहीत.

अंगणासमोर गुळ्ळकायज्जीची मूर्ती आहे. ती कथा आपल्याकडे घरोघरी सांगतात. चामुंडरायाने घड्यांमागून घडे ओतले तरी अभिषेक मूर्तीच्या पायांपर्यंत पोहोचेना. मग एका म्हाताऱ्या बाईने गुळ्ळकायी नावाच्या लहानशा फळाच्या कवटीतले दूध वाहिले, आणि त्या धारेत सारी मूर्ती न्हाली. तिच्यासमोर उभी राहिले की मला माझी आज्जी आठवते. तसेच वाकलेले खांदे, तसाच शांत चेहरा. तिने याच जागी, माझा हात हातात धरून, मला ही कथा सांगितली होती. निदान त्या सकाळपर्यंत मी असे मानत होते.

खाली उतरून आईशेजारी बसले आणि म्हटले, "वर आज्जीची फार आठवण आली. किती लहान होते मी, आणि तिनं हाताला धरून मला इतकं चढवलं."

आईने माझ्याकडे वळून पाहिले. "आज्जी कुठं वर आली होती गं?"

"म्हणजे?"

"तुला ताप भरला होता. अभिषेकाच्या दिवशी तू अंगावर कापड ठरू देत नव्हतीस. कुणीतरी थांबायला हवं होतं. आज्जी म्हणाली, तुम्ही जावा, मी पोरीला घेऊन बसते. दोन दिवस तंबूतच बसली ती तुला मांडीवर घेऊन. गोष्ट तिनं तिथंच सांगितली असेल."

"पण मी वर गेले होते. मला पायऱ्या आठवतात."

"गेलीस की. निघायच्या दिवशी पहाटे ताप उतरला. आण्णांनी निम्म्यापर्यंत खांद्यावर नेलं, पुढं मी हाताला धरून चढवलं. आज्जी रात्रभर जागी होती, गुडघे धरले होते. बस सकाळी निघायची होती. तिला घाईनं चढवणं कसं जमायचं?"

मला काही सुचेना. बऱ्याच वेळाने मी विचारले, "तिनं काहीच म्हटलं नाही?"

"म्हटलं की. आण्णांनी हळहळ केली तेव्हा म्हणाली, देव हजार वरसं हुबा हाय, मला बारा वरसं थांबायला काय हुतंय?"

आज्जी १९८९ साली गेली. पुढचा अभिषेक चार वर्षांनी होता.

त्या रात्री मी कोल्हापूरला आक्काला फोन केला. ती तेव्हा तेरा वर्षांची होती. तिने सारे तसेच सांगितले, वर एक गोष्ट अधिक : अभिषेकाहून परतल्यावर आज्जीने प्रत्येकाला जवळ बसवून, काय काय पाहिले ते विचारून घेतले होते. मग मला हेलिकॉप्टरचा विचार आला. मला त्याचा आवाज आठवतो. ते आकाशात दिसल्याचे आठवत नाही. तंबूच्या कापडातून ते दिसणार कसे? खरी गोष्ट इतकी वर्षे माझ्याच आठवणीत उघडी पडली होती.

जैन न्यायात स्मृतीला परोक्ष प्रमाणांत स्थान आहे. अन्य काही दर्शने स्मृतीला प्रमाण मानत नाहीत. भट्ट अकलंकांच्या परंपरेने तिला तो मान दिला. स्मृतीनंतर येते प्रत्यभिज्ञान, म्हणजे 'हा तोच' अशी ओळख. पण आपले आचार्य सावधही होते. माणिक्यनंदींच्या परीक्षामुखात स्मरणाभास आणि प्रत्यभिज्ञानाभास यांचाही विचार आहे. एकाला आठवताना दुसऱ्याला आठवणे हा स्मरणाचा आभास. जुळ्या भावांत सारखेपणामुळे 'हा तोच' म्हणणे हा प्रत्यभिज्ञानाचा. पाठशाळेत हे भेद पाठ करताना ते कोरडे वाटत. त्या रात्री धर्मशाळेच्या खोलीत ते माझ्याविषयीच लिहिले असावेत असे वाटले. मी आईच्या हाताला आज्जीचा हात म्हणत आले, आणि तंबूत ऐकलेली कथा डोंगरमाथ्यावर नेऊन ठेवली.

चामुंडरायाचे गुरू नेमिचंद्र सिद्धांतचक्रवर्ती यांच्या गोम्मटसारात कालद्रव्याचे वर्णन आहे. लोकाकाशाच्या एकेका प्रदेशावर एकेक कालाणू, रत्नांच्या राशीतल्या रत्नांसारखा; शेजारी असूनही एक दुसऱ्यात न मिसळणारा. काळ असा निर्मळ आहे. मिसळतात त्या आठवणी. आणि त्या मिसळताना एक पक्षपात करतात, हे मला या यात्रेत कळले. आपण जे पाहिले, जे चाललो, ते स्मृती लांबरुंद करून ठेवते. आपल्यासाठी कुणी जे थांबले, त्याचे तिच्याकडे काहीच नसते, कारण तेव्हा आपण झोपेत होतो, तापात होतो, किंवा वर दर्शनाला गेलो होतो. आज्जीचे ते दोन दिवस तिला केवढे वाटले असतील? रिकामा काळ जाताना रेंगाळतो. डोंगरावर जयघोष चाललेला, आणि ती तंबूत पाण्याच्या घड्या बदलत बसलेली. तो काळ माझ्या आयुष्याचा भाग आहे, पण माझ्या आठवणीचा नाही. तो फक्त आईजवळ होता. तिला विचारल्यावाचून तो मला कधीच मिळाला नसता.

तिसऱ्या दिवशी आई डोलीतून वर गेली. मी बाजूने चालत होते. डोलीवाले दर टप्प्याला थांबत, आणि तेवढ्यात ती समोरच्या चंद्रगिरीकडे पाहून काही ना काही सांगे. तिथे श्रुतकेवली भद्रबाहूंची गुहा आहे, चंद्रगुप्ताच्या नावाची बस्ती आहे, सल्लेखना घेतलेल्या कितीतरी साधूंचे आणि साध्वींचे लेख खडकांवर आहेत. बेळगोळच्या परिसरात पाचशेहून अधिक शिलालेख नोंदले गेले आहेत. कुणाची तरी आठवण मिसळून जाऊ नये, म्हणून कुणीतरी छिन्नी हाती घेतली होती.

दर्शन झाल्यावर आई गुळ्ळकायज्जीसमोर बराच वेळ उभी राहिली. मी विचारले, "आज्जीला वाईट वाटलं असेल का गं?"

"वाटलं असेल की. माणूसच ती." मग थोडे थांबून म्हणाली, "पुढं दर वर्षी कुंभोजच्या बाहुबलीला जायची. अठ्ठावीस फुटांचा देव. म्हणायची, मला एवढा पुरे."

घरून निघताना आईने बोटांवर काय मोजले होते, हे मला तेव्हा समजले. बारा वर्षे थांबायला काय होते, ते तिने सासूच्या बाबतीत पाहिले होते.

खाली उतरलो तेव्हा साडेनऊ झाले होते. दहाला निघायचे ठरले होते. पादत्राणे ठेवतात तिथे एक तरुण बाई तान्ह्या मुलाला घेऊन बसली होती. भोवती पाच-सहा जोड चपला आणि पिशव्या. आईने बोलायला सुरुवात केली. सोलापूरकडची मंडळी होती. घरचे सगळे वर गेले होते. "बाळ लहान हाय, ऊन लागंल. आन् सामानाजवळ कोण तरी पायजे," ती म्हणाली. "पुढच्या वेळंला बघू की."

आईने हात पुढे केले. "दे त्याला इकडं. आम्ही दोघी आहोत. तू जाऊन ये, बाई. सावकाश ये."

ती संकोचली. माझ्याकडे पाहिले, आईकडे पाहिले. मग बाळ आईच्या मांडीवर ठेवून, पदर खोचून पायऱ्यांकडे निघाली. पाच-सात पायऱ्या चढल्यावर एकदा वळून पाहिले आणि मग भराभर चढू लागली.

चालकाला मी उशीर होईल म्हणून सांगितले. किती वेळ बसलो ते मी घड्याळात पाहिले नाही. बाळ झोपी गेले होते, आणि आई त्याच्या तोंडावर पदराची सावली धरून बसली होती.